झील म्हणजे सरोवर

“मास्तरांनू, ह्यां तळ्याचां चित्र कित्याक?” शेवंतीने कॅसेटचे वेष्टण काशिनाथ मास्तरांपुढे धरले. वर निळेशार सरोवर, काठावर चार केसाळ तरुण आणि ठळक अक्षरांत ‘झील’.

मुंबईच्या त्या रॉक बँडने दोन वर्षांपूर्वी, पंच्याऐंशीच्या नाताळात, तारकर्लीला मुक्काम ठोकला होता. काथ्या वळता वळता शेवंती समुद्रात बुडालेल्या मुलाला हाका मारी, ‘खंय गेलस रे झिला’. त्या हाका त्यांनी टेपवर उतरवल्या, मागे गिटार लावली, आणि गाणे असे गाजले की त्यावर वराती नाचू लागल्या. दोष तरुणांचा म्हणावा, तर त्यांना हिंदी येत होती, एवढाच.

“तेंका झील म्हणजे तळी वाटली गो. हिंदीत तसां म्हणतत.”

“तळी?” शेवंतीला हसू फुटले. “माझो गणपत तुमच्यापेक्षा उंच होतो! आज माका शाल देतले मां मालवणात, तेव्हा तुमी उठान सांगा. झील म्हणजे माझो पोरगो. माझां कोण ऐकतलो?”

“सांगतंय.”

“देवाशपथ?”

“अगो, मास्तर आसंय मी!”

बत्तीस वर्षे काशिनाथांनी मुलांच्या तोंडची मालवणी पट्टीने झोडून काढली होती. ‘खंय’ म्हटल्याबद्दल गणपतनेही तळहातावर छड्या खाल्ल्या होत्या.

सत्काराला मालवणचे सभागृह भरले. मुंबईहून आलेले समीक्षक बोलू लागले. “झील हे रिक्ततेचे आदिम प्रतीक आहे. या गाण्यात जळ आहे, तळ नाही. कोकणी माणूस सरोवरात स्वतःला शोधतो आहे.”

सभागृहात तीनशे माणसे होती. झील म्हणजे मुलगा, हे त्यांतल्या पाचांनाच ठाऊक नव्हते: चार तरुण आणि समीक्षक. बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. पाहुण्याची चूक काढणे असभ्यपणाचे. शिवाय ती काढायची, तर चारचौघांत मालवणी बोलावी लागली असती.

“गुरुजी, आपण तर इथलेच,” समीक्षक व्यासपीठावरच्या काशिनाथांकडे वळले. “मी म्हणतो ते बरोबर ना?”

तिसऱ्या रांगेत शेवंती ताठ बसली. काशिनाथ उठले, खाकरले.

“अत्यंत मार्मिक विवेचन,” ते निर्दोष उच्चारांत म्हणाले, आणि बसले.

“पयल्यांदा दर्यान बुडवल्यान,” मागून दत्ताराम खलाशी पुटपुटला, “आता मास्तरान.”

मग शाल झाली, नारळ झाला, आणि गाणे लागले. शेवंतीची हाक कर्ण्यातून घुमली. तिच्या अवतीभवतीची माणसे ठेक्यावर माना डोलावू लागली.

काशिनाथांनी तिला एसटी स्टँडवर गाठले. “शेवंते, समजून घे गो. एवढो मोठो माणूस, तेका सगळ्यांसमोर कसां सांगतलंय? मी तेंका पत्र लिवतंय. उद्याच लिवतंय.”

शेवंतीने पदर सारखा केला. कचेरीतल्या माणसाकडे पाहावे तसे तिने त्यांच्याकडे पाहिले.

“याव्यतिरिक्त मला काही सांगायचे नाही.”

उच्चारात बोट ठेवायला जागा नव्हती. प्रमाण मराठीतले तेवढे एकच वाक्य तिला येत होते. गणपत बुडाला तेव्हा पोलिसांनी तिचा जबाब घेतला होता. त्यातली ही शेवटची ओळ हवालदाराने तिला दोनदा वाचून दाखवली होती, आणि त्या ओळीखाली तिचा अंगठा घेतला होता.