उलट्या बाहीची भाची

आठवड्यातून एकदाच येणाऱ्या बसमधून त्या दोघी बहिणी आईच्या जन्मगावी उतरल्या, तेव्हा थोरलीच्या अंतःकरणात एकच आकांक्षा होती, की येथे कुणीतरी आपणांस ‘आमची’ म्हणावे. ज्या शहरात त्या लहानाच्या मोठ्या झाल्या, तेथे ‘तुम्ही मूळच्या कुठल्या?’ हा प्रश्न त्यांच्या पाचवीला पुजलेला होता. येथे तो कुणी विचारणार नाही, असे तिने गृहीत धरले होते. वस्तुतः पहिल्याच तासात तो तिघांनी विचारला.

मामा शिंपी होते. डोंगराच्या माथ्यावरील त्या वस्तीत पुढे त्यांचे दुकान आणि मागे घर. मामींनी आदरातिथ्यात कसूर म्हणून ठेवली नाही. कपाटातले सोनेरी काठाचे कप निघाले. थोरली ताट उचलू गेली की मामी ते हातातून काढून घेत. तिने केर काढावा म्हटले, तर झाडूच नाहीसा होई.

“ताई, एवढा मान तर आपल्याला परक्यांनीसुद्धा दिला नव्हता,” धाकटी म्हणाली.

थोरलीला हसू आले. बस शनिवारी परतणार होती. राहावे की जावे, हे तिला ठरवावयाचे होते, आणि पाहुणी म्हणून जन्म काढता येत नाही, हे तिला पुरते उमगले होते.

शुक्रवारी दुपारी मामा जेवून आडवे झाले असता ती हळूच मशीनवर बसली. टपालवाल्याचा नवा कोट बाह्यांवाचून टांगलेला होता. शिवणकाम तिला आईने शिकवले होते. तिने दोन्ही बाह्या जोडल्या. टीप अशी सरळ पडली, की तिचा तिलाच अभिमान वाटला.

चार वाजता टपालवाल्याने कोट चढवला मात्र, त्याचे दोन्ही हात मागे ओढले गेले आणि उडू पाहणाऱ्या कोंबड्यासारखा तो आरशापुढे उभा राहिला. डावी बाही उजवीकडे लागली होती व उजवी डावीकडे.

सहा दिवस ‘बाळ, बाळ’ करणारे मामा कडाडले, “अगं गाढवे, बाहीची खोल कापलेली बाजू पुढे घ्यायची, एवढंही कळत नाही? आईनं काय शिकवलं तुला?”

“आईनं असंच शिकवलंय.”

मामा थबकले. तिच्या आईने हेडमास्तरांच्या कोटाचे नेमके हेच केले होते, असे ते टपालवाल्याला सांगू लागले, आणि सांगता सांगता त्यांचा आवाज भिजला.

“म्हणजे तिकडे शहरात जाऊनही ती चुकतेच आहे,” ते म्हणाले.

ही मुलगी कोण, असे टपालवाल्याने कोटात अडकल्या अवस्थेतच विचारले.

“आमचीच. दुसरं कोण असला कोट शिवणार?” मामांनी कात्री तिच्यापुढे आदळली. “बस. उसव सगळं. झाल्याशिवाय उठायचं नाही.”

मामींनी चहा आणला, तो कान तुटलेल्या कपात. धाकटीच्या हाती झाडू देऊन, चिंध्या कोण गोळा करणार, असेही त्यांनी विचारून घेतले.

शनिवारी बसने दोनदा हॉर्न वाजवला. थोरलीच्या ओठांत टाचण्या होत्या, त्यामुळे उत्तर देणे तिला शक्य नव्हते. धाकटीनेच दारातून हात हलवून चालकाला खुशाल जाण्यास सुचवले.