गाडीचा दमा आणि लाल फडकं

गॅरेजसमोर सकाळपासून गाड्यांची रांग लागली होती आणि रांगेपेक्षा गर्दी मोठी होती. ज्यांच्याकडे साधी सायकल नाही, असे लोकही तोंडाचा आ वासून उभे होते. कारण आत श्वासगुरू बसले होते. त्यांना मेकॅनिक म्हटलेलं खपत नसे. नट-बोल्ट पिळणारे गल्लोगल्ली मिळतात, आपण गाडीचा श्वास मोकळा करतो, असं ते सांगत. अंगात स्वच्छ पांढरा सदरा, खांद्यावर लाल फडकं आणि जिभेवर तेलाची अख्खी बाटली.

"मंडळी, तुमची गाडी म्हातारी नाही, तिला दमा आहे!" गुरू म्हणाले. "कंपनीनेच तिच्या गळ्यात दगड अडकवून पाठवलंय. का? तर तिने धापा टाकाव्यात आणि तुम्ही नवी घ्यावी! मी काय करतो? फक्त दगड काढतो. श्वास तिचा तीच घेते."

"वा, वा!" गर्दी डोलली.

हा दगड म्हणजे धुराच्या नळीत बसवलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. इंजिनातून निघणारे विषारी वायू त्यातल्या बारीक जाळीतून जाताना बरेचसे निरुपद्रवी होतात, एवढंच त्या बिचाऱ्याचं काम. पण हे ऐकायला कोणाला वेळ होता? दगड म्हटलं की कसं चटकन पटतं.

रांगेत धाकटे जावईही होते. त्यांचं चष्म्याचं दुकान होतं आणि गाडीला दमा होतो यावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. तरी ते आले होते, कारण त्यांना एक साडू होता.

अकरा वर्षांपूर्वी या दोन साडूंनी एकाच दिवशी, एकाच शोरूममधून, एकाच रंगाची गाडी घेतली होती. सासूबाईंना दर मंगळवारी गुडघ्याच्या व्यायामासाठी चढावरच्या दवाखान्यात न्यायचं काम दोघे आळीपाळीने करत. सगळं सुरळीत चाललं होतं. मग थोरल्या जावयांनी दगड काढून घेतला आणि त्यांची गाडी डरकाळ्या फोडू लागली.

"तुमची गाडी चढाला दमते हो. आईंना आता मीच नेत जाईन," असं ते भर जेवणात म्हणाले आणि सासूबाई त्यांच्याच गाडीत बसू लागल्या.

"ताईची गाडी आली की सगळ्या गल्लीला कळतं नाही?" बायको सहज म्हणाली. धाकट्यांचा जळफळाट होत होता आणि त्याला दुसरं गोंडस नाव द्यायचं काही कारण नाही. आई हल्ली मंगळवारी घरी आली की डोकं धरून दुपारभर पडून असते, असंही बायको म्हणाली होती. धाकट्यांना वाटलं, साडूच्या बडबडीने कोणाचंही डोकं उठेल.

त्यांचा नंबर आला. थोरले मुद्दाम हजर होतेच. गुरूंनी बॉनेट उघडलं, डोळे मिटले, कोपरापर्यंत हात आत घातला.

"नाडी फार मंद आहे," ते म्हणाले आणि बॉनेट लावलं. "एकदा चढावर नेऊन आणा."

धाकट्यांनी गाडी नेली. गाडी खरंच धापा टाकू लागली. अकरा वर्षांत ती अशी कधी रडली नव्हती.

"सकाळी तर ठीक होती!" परत आल्यावर ते म्हणाले.

"वैद्य दिसला की दबलेला रोग उसळी घेतो," गुरू म्हणाले. "घ्या गाडी जॅकवर!"

"थांबा. माझं बॉनेट पुसलं नाहीत."

"काय?"

"साडूभाऊंचं तुम्ही आशीर्वाद म्हणून स्वतःच्या फडक्याने पुसलंत. दोन महिने ऐकतोय मी ते. माझ्या गाडीने काय घोडं मारलंय?"

"अहो, ते काम झाल्यावर पुसतात," थोरले हसले.

"मला आत्ता पुसून हवंय."

गुरूंचा हात सवयीने खांद्याकडे गेला. खांदा रिकामा होता. एवढ्या गर्दीत हे दुसऱ्या कोणाच्या लक्षात आलं नसतं, पण धाकट्यांचा जीव त्या फडक्यातच अडकला होता.

"आत राहिलं वाटतं," म्हणत धाकट्यांनी स्वतःच बॉनेट उचललं. गुरू "अहो, अहो, नाडी उघडी पडेल!" असं ओरडेपर्यंत त्यांना एअर फिल्टरच्या तोंडातून डोकावणारं लाल टोक दिसलं होतं. त्यांनी ओढलं. फडकं येतच राहिलं. इंजिनाच्या नाकातच बोळा कोंबला होता! आधी बोळा घालायचा, दगड काढून झाला की आशीर्वादाच्या निमित्ताने बोळा काढायचा, मग गाडी पळणार नाही तर काय करणार?

"माझी गाडी आजही पळते!" थोरले चिडले.

"मग चला. दोन्ही बरोबर नेऊ."

बोळा काढलेली, बाकी हातही न लावलेली धाकट्यांची गाडी आणि दगडमुक्त थोरली गाडी चढाला लागल्या. दोन्ही बरोबरच माथ्यावर पोचल्या. थोरलीने आवाज तेवढा जास्त केला.

धाकट्यांना आनंद लपवता येईना. उतरताना आपली गाडी माथ्यावरच लावून ते ऐटीत साडूच्या गाडीत मागे बसले. पण निम्म्या वाटेत त्यांचे डोळे चुरचुरायला लागले, डोकं जड झालं. पायाशी उग्र वास होता. गाडी थांबवून त्यांनी वाकून पाहिलं. गुरूंनी बसवलेल्या नळीचा जोड फुटला होता आणि न गाळलेला धूर गाडीच्या तळाशी पसरत होता.

"साडूभाऊ, आई कुठे बसतात?"

"मागेच. काचा लावून. त्यांना वारा सोसत नाही ना..." थोरले बोलता बोलता मागच्या काचा खाली करू लागले. धाकट्यांचं हसू मावळलं.

गॅरेजवर थोरल्यांनी दगड परत मागितला. तो केव्हाच विकला गेला होता. त्याच्या जाळीवर महागड्या प्लॅटिनमचा मुलामा असतो आणि म्हणूनच गुरूंना सगळ्यांच्या गळ्यांची इतकी काळजी होती. लोक शिव्या देत पांगले. रांगेतले दोघे मात्र जागेला चिकटून राहिले, नंबर जाईल म्हणून.

थोरल्यांनी गाडीला नवा कन्व्हर्टर आणि धड नळी बसवून घेतली. तोवरच्या मंगळवारी सासूबाई धाकट्यांच्या गाडीत बसल्या, त्याही पुढच्या सीटवर. डोकं दुखलं नाही.

"आई, त्या गाडीत त्रास होतो हे सांगायचं नाही का?"

"कोणाला सांगू? त्यांना सांगितलं तर ते रुसणार. आणि तुम्हाला सांगितलं असतं, जावईबापू, तर तुम्हाला केवढा आनंद झाला असता!"

धाकट्यांनी मान खाली घातली आणि गियर बदलला.

तेव्हा मंडळी, धूर गाळणारा डबा गाडीत राहू द्या, तो तुमच्याच माणसांच्या छातीसाठी आहे. आणि कोणी चमत्कार दाखवला, तर टाळ्या वाजवण्याआधी बॉनेट उघडून बघा. हेव्यापोटी बघितलंत तरी चालेल, पण बघा.