राष्ट्राध्यक्ष जिच्यावर बसले नाहीत

मी एक खुर्ची बोलतेय. माणसं खुर्चीबद्दल जन्मभर बोलतात, तिच्यासाठी भांडतात, सख्खे भाऊ एकमेकांचं तोंड बघत नाहीत. पण खुर्चीला काय वाटतं हे आजवर कुणी विचारलेलं नाही. म्हणून न विचारताच सांगते.

मी झुलती खुर्ची आहे. ओहायोमधल्या बेकर्स फोर्ड गावात, ओढ्याकाठच्या हिकरीच्या झाडापासून अमॉस रडनं मला बनवलं. त्याची बायको केझाया, तिला पहिलं मूल व्हायचं होतं. अमॉसचा हात तसा नांगराचा, रंध्याचा नव्हे. त्यामुळे मी झुलताना किंचित डावीकडे कलते. केझायानं कधी तक्रार केली नाही. तिनं एकापाठोपाठ एक मुलं माझ्यावर पाजली, निजवली, त्यातल्या दोघांना तापात मांडीवर घेऊन रात्री काढल्या, आणि मुलं मोठी होऊन उडाली तेव्हा मला ओसरीवर आणून ठेवलं. समोर रस्ता, रस्त्यापलीकडे रेल्वे स्टेशन. बरं चाललं होतं माझं.

आता आमच्या ओहायोची एक खोड सांगायला हवी. इथे राष्ट्राध्यक्ष भोपळ्यासारखे पिकतात, आणि एकूण पीक किती यावरही एकमत नाही. आम्ही म्हणतो आठ, व्हर्जिनियावाले म्हणतात सात, कारण एका महाशयांचा जन्म त्यांच्याकडचा आणि घरदार आमच्याकडचं. याच महाशयांच्या पक्षानं 'लाकडी झोपडीतला साधा माणूस' म्हणून त्यांच्यासाठी मतं मागितली होती. घर मात्र चांगलं ऐसपैस होतं. शपथ घेताना त्यांनी गारठ्यात ओव्हरकोटाशिवाय जवळजवळ दोन तास भाषण ठोकलं आणि महिन्याभरात देवाघरी गेले. थंडीनं गेले, दूषित पाण्यानं गेले की स्वतःच्या भाषणानं, यावर माझ्यासमोर लोक अजून तावातावानं भांडतात. मेलेल्या माणसाला यांच्याइतकं कुणी छळत नसेल.

तर असेच एक राष्ट्राध्यक्ष एकदा आमच्या गावात आले. कोणते ते सांगत नाही. नाव घेतलं की तुमच्यातले निम्मे म्हणतील, तो तर चोर होता, आणि उरलेले निम्मे त्या निम्म्यांच्या अंगावर धावून जातील. इतकंच सांगते, की ते चांगले गरगरीत होते आणि निवडणूक तोंडावर आली होती. त्यांची गाडी इंजिनात पाणी भरायला थांबली. उन्हाळ्याचे दिवस. गाडीत बसून बसून महाराज घामाघूम झाले होते, त्यांनी समोरची सावली पाहिली आणि सरळ आमच्या ओसरीवर आले. मागून गावचे नगराध्यक्ष टोपी सावरत धावत आले.

केझाया माझ्यावर बसून शेंगा सोलत होती. तेव्हा तिची सत्तरी जवळ आली होती. तिची धाकटी लेक लेटी दारात पिठानं भरलेल्या हातांनी उभी.

"आजी, उठा की! राष्ट्राध्यक्ष आलेत!" नगराध्यक्ष कुजबुजले.

"दिसतंय मला. डोळे गेले नाहीत अजून," केझाया म्हणाली. शेंगा सोलणं चालूच.

"अहो, त्यांना बसायला..."

"पायरी आहे की."

पायरीकडे राष्ट्राध्यक्षांनी पाहिलं, मग स्वतःच्या पोटाकडे पाहिलं. एकदा खाली बसले असते तर उठवायला चार माणसं लागली असती. नगराध्यक्षांचा चेहरा बिटासारखा लाल झाला. "आजी, देशाचे मालक दारात उभे आहेत आणि तुम्ही..."

तेव्हा केझायानं शेंगांचं भांडं मांडीवर नीट ठेवलं. "हे बघ, यांना निवडताना मला कुणी विचारलं? बाईला मत नाही म्हणता ना? मग हे तुमचे राष्ट्राध्यक्ष. माझ्या दारात हे नुसते पाहुणे. आणि न बोलावता आलेल्या पाहुण्यासाठी मी माझे दुखरे गुडघे घेऊन उठणार नाही. लेटी, पाहुण्यांना सफरचंदाचा पाय दे गं, सकाळी भाजलेला. उभ्यानं खातील."

उभ्यानं खाल्ला बिचाऱ्यांनी. खांबाला टेकून. खाता खाता त्यांनी सोन्याचं नाणं चांगलं की चांदीचं यावर भाषणही दिलं, कारण तोंड उघडलं की भाषण हा त्या मंडळींचा रोगच. केझायानं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "साखर का महागली?" त्यावर ते पुष्कळ बोलले. जकात, कारखानदार, परदेशी माल, देशाचं भवितव्य. ते थांबल्यावर केझाया म्हणाली, "म्हणजे तुम्हालाही ठाऊक नाही."

गाडीनं शिटी दिली. राष्ट्राध्यक्ष हसले, पायची तारीफ केली आणि गेले. माणूस वाईट नव्हता, हे मी माझ्या लाकडाची शपथ घेऊन सांगते.

पण गावाची झोप उडाली. राष्ट्राध्यक्ष आले आणि आपण त्यांना साधं बसा म्हटलं नाही, हे बाहेर कळलं तर? आठवडा संपायच्या आत गावच्या पेपरात छापून आलं, की राष्ट्राध्यक्षांनी श्रीमती रड यांच्या झुलत्या खुर्चीत घटकाभर विश्रांती घेतली. लेटीनं ते वाचून दाखवलं तेव्हा केझाया डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. "बसू दे बिचाऱ्याला पेपरात. तिथे जागा पुष्कळ असते."

झालं. त्या दिवसापासून माझ्या नशिबी भक्त आले. एक जण माझ्या हाताची ढलपी काढून नेई, दुसरा बैठकीला विणलेली साल ओरबाडे. प्रत्येकाला राष्ट्राध्यक्षांची आठवण हवी. ज्या बाईनं माझ्यावर आयुष्य काढलं तिची आठवण म्हणून कुणी एक चिमूट धूळदेखील नेली नाही. केझाया गेली, मग लेटी माझ्यावर बसून म्हातारी झाली. लेटीच्या लेकीनं तिची मुलगी आर्डिथ माझ्यावरच झोपवली. आर्डिथ लहानपणी माझा डावा हात चावायची. तिच्या दातांच्या खुणा त्यावर अजून आहेत. पुढे संग्रहालयात मार्गदर्शक पर्यटकांना सांगायचे, ते राष्ट्राध्यक्षांच्या अंगठीचे व्रण.

पुढे रेल्वे बंद पडली आणि स्टेशनात संग्रहालय झालं. आर्डिथच्या आईकडे माणसं आली. तिनं मला दिलं, पण तोंडी अट घातली, "लोकांना बघायची हौस आहे तोवर ठेवा. नकोशी झाली की माझ्या आर्डिथकडे पाठवा." मी मनात म्हटलं, चला, वर्ष-दोन वर्षांचा प्रश्न आहे. माणसांची हौस ती किती टिकणार! इथे मात्र माझा हिशेब साफ चुकला. खऱ्याचा कंटाळा माणसाला लवकर येतो, खोट्याचा येत नाही.

संग्रहालयाचे अध्यक्ष डॉक्टर व्हर्लिन स्ट्राउड. डॉक्टर म्हणजे दातांचे, आता निवृत्त. जन्मभर लोकांच्या उघड्या तोंडात बघितल्यामुळे समोरचा उत्तर देऊ शकतो हे त्यांच्या ध्यानातच येत नाही. माझ्या पाठीची एक फळी तडकलेली आहे. ती आर्डिथच्या क्लाइड मामानं उडी मारून तडकवली. डॉक्टर छडी लावून सांगायचे, "हे पाहा राष्ट्राध्यक्षांचं वजन! पुरावा आणखी काय हवा?"

पुरावा हवा होता शेजारच्या मिलिकन गावाला. त्यांचं म्हणणं, ती गाडी त्यांच्याकडे थांबली आणि राष्ट्राध्यक्ष त्यांच्या न्हाव्याच्या खुर्चीत बसले. शेवटी फेब्रुवारीतल्या राष्ट्राध्यक्ष दिनाला शाळेच्या जिममध्ये जाहीर वाद ठेवला. मला पिकअपमध्ये घालून तिथे नेलं. किती वर्षांनी मला वारा लागला! बास्केटबॉलच्या जाळीखाली एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला न्हाव्याची खुर्ची. कापसाच्या दाढ्या आणि पुठ्ठ्याच्या उंच टोप्या घालून पोरं चेरी पाय खात होती. पहिल्या राष्ट्राध्यक्षांनी लहानपणी चेरीचं झाड तोडून खरं बोलल्याची गोष्ट सांगून झाली. ती गोष्टच कुणीतरी रचलेली आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे, तरी खरं बोलावं हे शिकवायला दर वर्षी तीच सांगतात.

मिलिकनच्या लोरीन हॅस्केटबाईंनी काचेच्या डबीतून एक केस दाखवला. "राष्ट्राध्यक्षांचा! आमच्या खुर्चीच्या फटीत सापडला."

"पण ते तर टकले होते!" डॉक्टर ओरडले.

"मग? न्हाव्यानं काम चोख केलं."

हशा पिकला. डॉक्टर तडकलेल्या फळीकडे वळले, वजनाचं भाषण सुरू झालं, आणि तेवढ्यात आर्डिथ उठली. आता तिची ऐंशी उलटली आहे. खुब्याचं ऑपरेशन झालंय, वॉकर घेऊन चालते. त्या जुन्या घरात एकटीच राहते.

"व्हर्लिन, बस कर रे," ती म्हणाली. दोघं एका वर्गातली. "माझ्या दोन दाढा काढल्यास, तेव्हा मी गप्प बसले. आता ऐक."

आणि तिनं सगळं सांगितलं. लेटीआजीकडून ऐकलेलं, जसंच्या तसं. शेंगा, पायरी, साखर, सगळं. "ते बसलेच नाहीत. ही साधी खुर्ची आहे. गावाला हिचा काही उपयोग नाही. मला आहे. माझी आई, आजी, पणजी हिच्यावर बसून म्हाताऱ्या झाल्या. मला संध्याकाळी माझ्या ओसरीवर हिच्यात बसायचंय. फार दिवस राहिले नाहीत रे. आईनं काय सांगितलं होतं ते तुम्हाला माहीत आहे. द्या माझी खुर्ची."

मग लोरीनबाईंनी टाळ्या वाजवल्या. डॉक्टरांचं तोंड त्यांच्या पेशंटसारखं उघडं राहिलं. मला तर रडूच येत होतं. घरी जाणार मी! आर्डिथ माझ्यात बसणार, मी जरा डावीकडे कलत झुलणार. सगळं आयुष्य जिनं माणसांची वजनं झेलण्यात घालवलं, तिला पन्नास वर्षं कुणी टेकलेलं नाही, याचं दुःख तुम्हाला कसं कळावं?

पण डॉक्टरांचं तोंड मिटलं आणि लगेच पुन्हा उघडलं.

"मित्रांनो!" ते गरजले. "ऐकलंत? राष्ट्राध्यक्ष बसलेल्या खुर्च्या गल्लोगल्ली आहेत. पण राष्ट्राध्यक्षांना उभं ठेवणारी खुर्ची? सबंध अमेरिकेत एकच! आणि ती आहे आपल्या बेकर्स फोर्डला!"

अख्खं जिम उभं राहिलं. शिट्ट्या काय, टाळ्या काय. पुठ्ठ्याच्या टोप्या हवेत उडाल्या. सव्वाशे वर्षं जी गोष्ट लाज म्हणून लपवली, ती एका मिनिटात अभिमान झाली.

"व्हर्लिन, अरे, माझी खुर्ची..." आर्डिथ म्हणत होती.

"आर्डिथ, अगं, तू गावावर केवढे उपकार केलेस!" डॉक्टरांनी तिचे दोन्ही हात हातात घेतले. "आता तर बघायला रीघ लागेल! तुझ्या आईची अट आम्ही अक्षरशः पाळू. लोकांना हौस आहे तोवर खुर्ची इथेच."

आठवडाभरात मिलिकनलाही शोध लागला, की त्यांच्याकडेही एका बाईनं राष्ट्राध्यक्षांना हाकललं होतं. आणि तेही लाटण्यानं.

मला परत आणलं ते थाटात. नवा चौथरा, नवा दिवा, नवी मखमली दोरी. पाटीवर आता केझायाचं नाव आहे, मोठ्या सोनेरी अक्षरांत. शाळेच्या पोरी येतात, मुठी उंचावून फोटो काढतात, 'काय बाई होती!' म्हणतात. आनंद आहे. केझायानं पाहिलं असतं तर पुन्हा पोट धरून हसली असती. मात्र गर्दीच्या धक्क्यानं मी हलू नये म्हणून त्यांनी माझ्या दोन्ही पायांखाली लाकडी पाचरी ठोकल्या आहेत. झुलत्या खुर्चीला पाचर. पूर्वी झाडणारी बाई फडकं मारायची तेव्हा तरी मी दोन झोके घ्यायचे.

आर्डिथला त्यांनी 'सन्माननीय वंशज' म्हणून फुकट पास दिला आहे. ती दर बुधवारी येते. वॉकर टेकत, धापा टाकत.

पहिल्यांदा आली तेव्हा तिनं विचारलं होतं, "व्हर्लिन, इथे टेकायला काही आहे का रे?"

"अगं, संग्रहालयात बसायची सोय नसते," ते म्हणाले. "लोक रेंगाळतात मग."

म्हणून ती उभी राहते. जिनं राष्ट्राध्यक्षाला उभं ठेवलं तिची पणती, तिच्याच खुर्चीसमोर, दुखऱ्या खुब्यावर. बराच वेळ बघते माझ्याकडे. आणि मला तिला 'बस गं' म्हणायला तोंड नाही.

तुम्ही कधी इकडे आलात तर माझा फोटो काढू नका. पाटी वाचली नाहीत तरी चालेल. बुधवारी या, डॉक्टर पर्यटकांना पाटीवरची सोनेरी अक्षरं वाचून दाखवण्यात गुंग असतील तेव्हा दोरीखालून जरा वाका आणि त्या दोन पाचरी काढा. आर्डिथला वाकता येत नाही, नाहीतर तिनं कधीच काढल्या असत्या. पुढचं आम्ही दोघी बघून घेऊ.