सोबतीची बाई

आईला समोरच्याचा चेहरा बघायचा असला की ती त्याच्या डाव्या कानाच्या जरा पलीकडे बघायची. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजला होता. सरळ बघितलं की तिथं नुसता करडा डाग, पण कडेची नजर शाबूत होती. म्हणून मान किंचित वळवून, नजर बाजूला टाकून ती माणूस पकडायची. हे कसब तिनं स्वतःच शोधून काढलं होतं आणि थोरलीच्या पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा तिला कौतुकच वाटलं होतं. मग हळूहळू दिसत गेलं, की आई हा खटाटोप डॉक्टरांसाठी करते, शेजारणीसाठी करते, दारात पार्सल घेऊन आलेल्या माणसासाठीसुद्धा करते. थोरलीशी बोलताना मात्र सरळ तिच्या तोंडासमोर बघते. म्हणजे डागाकडे.

तळ्याकाठच्या हॉटेलात पाऊल टाकल्याबरोबर आईनं मान वळवली आणि मॅनेजरबाईंना नीट न्याहाळलं.

"किती तरुण आहात हो तुम्ही," ती म्हणाली. "मला वाटलं, कुणीतरी जाडजूड मिशीवाला भेटणार."

मॅनेजरबाई मनापासून हसल्या. हॉटेल लहानसंच होतं, हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या खोल्यांचं. एके काळी कुणा व्यापाऱ्याचा बंगला असावा. इथं पाहुण्याला काउंटरसमोर ताटकळत ठेवत नसत. तळ्याकडच्या खिडकीशी मऊ कोचावर बसवत, चहा देत, आणि मॅनेजरबाई समोर बसून गप्पा मारल्यासारखी सगळी माहिती काढून घेत. त्या गप्पांत जे कळेल ते संध्याकाळपर्यंत वाढप्यापासून माळ्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक. कुणाला गार पाणी चालत नाही, कुणाचे गुडघे दुखतात, कोण कुणाचं कोण. परत कुणी काही विचारत नसे. हीच तर त्या जागेची ख्याती होती.

"आणि या?" मॅनेजरबाईंनी थोरलीकडे पाहिलं. तिच्या एका हातात औषधांची पिशवी, दुसऱ्यात आईची घडीची काठी, खांद्यावर आईची शाल. अंगावरचे सुती कपडे प्रवासानं चुरगळले होते.

"ही होय? ही माझ्या सोबतीला असते," आई म्हणाली. "औषधपाणी बघते."

यात खोटं काहीच नव्हतं. थोरली दुरुस्ती करायला तोंड उघडणार, तेवढ्यात मॅनेजरबाई म्हणाल्या, "म्हणजे अटेंडंट. मग यांना तुमच्या खोलीला लागून असलेली छोटी खोली उघडून देते. जेवण स्टाफबरोबर चालेल ना यांना?"

थोरलीनं आईकडे पाहिलं. आईनं चहाचा घोट घेतला, तो सावकाश गिळला.

"चालेल की. तिचं काही मागणं नसतं. चांगली आहे, फक्त फार बोलत नाही."

खरं तर थोरली बोलायलाच आली होती. कित्येक महिने जे ओठांवर येऊन परत फिरत होतं, ते सांगायला. नदीच्या वरच्या अंगाला पाणी तपासणारं नवं केंद्र उघडलं होतं आणि तिथली प्रमुख म्हणून तिची निवड झाली होती. असं बोलावणं आधीही आलं होतं. आईच्या डोळ्यांसाठी तिनं ते नाकारलं होतं. या खेपेला तिनं टेकडीवरच्या वृद्धनिवासात आईसाठी उजेडाची, पूर्वेची खोली बघून ठेवली होती. निवासवाले रविवारी दुपारपर्यंत थांबणार होते. त्याआधी आईला सांगायचं, मग त्यांना होकार द्यायचा, एवढंच काम. पण ते शब्द घशाशी आले की आई म्हणायची, "काय गं, पाणी कुठाय?" आणि थोरली पाणी आणायला उठायची.

हॉटेलची शक्कल धाकट्या भावाची. तो परदेशातून फोनवर म्हणाला होता, "तायडे, घरात सांगितलंस तर भांडी फुटतील. चारचौघांत आई आवाज चढवत नाही. मी मस्त जागा बुक करतो, तिथं सांग."

"तूच का सांगत नाहीस?"

"मी सांगितलं तर म्हणेल, उंटावरून शेळ्या हाकतो."

"हाकतोसच."

"बघ, म्हणजे तूच सांगितलेलं बरं."

पहिल्या संध्याकाळी, खोलीत दोघीच असताना, थोरलीनं विचारलं, "तू तिला का नाही सांगितलंस, मी कोण आहे ते?"

आई पलंगावर पाय पसरून बसली होती. चादरीचं कापड बोटांत धरून त्याचा पोत अजमावत होती.

"मग काय सांगू? पन्नाशीला टेकलेली बिनलग्नाची पोरगी, आईच्या गोळ्या मोजत बसते म्हणून? लोक कीव करतात."

"माझी?"

"तुझी कशाला? माझी." आईनं सरळ तिच्या तोंडासमोर पाहिलं. "चार दिवस आलोय. जरा हौस भागू दे माझी. घरी गेलं की आहेच तुझं थोबाड."

सांगायचंच असतं तर ही वेळ होती. थोरलीनं आईच्या चपला पलंगाखाली नीट लावल्या आणि शेजारच्या छोट्या खोलीत गेली.

सकाळचा नाश्ता सगळे पाहुणे तळ्याकाठच्या गच्चीवर एकाच लांब टेबलाशी बसून करत. आईच्या समोर एक निवृत्त न्यायाधीश आणि त्यांची बायको बसत. न्यायाधीश मितभाषी होते, अंडं सोलतानासुद्धा निकाल राखून ठेवल्यासारखा चेहरा. त्यांची बायको मात्र चौकशीखोर.

"मुलंबाळं?" त्यांनी विचारलं.

"मुलगा आहे, परदेशी असतो. आणि मुलगी." आईनं मान वळवली, न्यायाधीशांच्या बायकोचा चेहरा पकडला. "मुलगी शास्त्रज्ञ आहे माझी. तीही तिकडेच. फार हुशार. विद्यापीठात पहिली आली होती, सोन्याचं पदक मिळालं होतं."

मागे उभं राहून थोरली आईच्या पावाला लोणी लावत होती. सुरी थांबली. पदक खरं होतं. ते मिळालं त्या दिवशी आई म्हणाली होती, याचं काय करायचं, वितळवायचं?

"लहानपणापासूनच तशी," आई सांगत होती. "डबक्याचं पाणी आणून बाटल्यांत भरायची. खिडकीत ओळीनं बाटल्या. त्यात काय काय वळवळतंय ते भिंगातून बघायची. मी घरातल्या सगळ्या बाटल्या देऊन टाकल्या तिला. म्हटलं, बघ बाई, शीक."

त्या बाटल्या आईनं एका दुपारी मोरीत ओतल्या होत्या. थोरली शाळेतून आली तेव्हा त्या धुऊन पालथ्या घातलेल्या होत्या.

"जावई?"

"देवमाणूस. दोन मुलं. रोज फोन करते. म्हणते, आई, तू ये ना इकडं."

ऐकताना थोरलीला राग यायला हवा होता. आला तो वेगळाच प्रकार. जन्मभर नावडतीचं मीठ अळणी खाल्लेल्या जिभेला कुणीतरी पहिल्यांदा चव दाखवावी, तसं झालं. तिला आणखी ऐकायचं होतं. आईला तिच्या प्रबंधाचा विषयसुद्धा आठवत होता, आणि बरोबर आठवत होता. इतकी वर्षं तो कुठं लपवून ठेवला होता कोण जाणे. लोणी लावून झालं तरी थोरली सुरी फिरवत राहिली.

म्हणून तो दिवस गेला. पुढचाही गेला. आज सांगू, असं ठरवून ती गच्चीवर यायची आणि तिकडच्या मुलीचं नवं काहीतरी ऐकून, रिकामी बशी घेऊन जायची.

दुपारी ती स्टाफच्या स्वयंपाकघरात जेवायची. खोल्या आवरणारी एक बाई तिच्यासाठी जागा धरून ठेवी.

"तुझी म्हातारी गोड आहे गं," ती म्हणाली. "मला म्हणाली, तुझे हात किती हलके. माझ्या आधीच्या कामावरची म्हातारी तर चावायची."

"हीपण चावते."

"दात आहेत?"

"सगळे."

ती बाई इतकी हसली की तिला ठसका लागला. थोरलीलाही हसू आलं. या टेबलाशी तिला कुणी लग्नाचं विचारत नव्हतं, भावाचं विचारत नव्हतं.

शनिवारी न्यायाधीशांच्या बायकोनं कठड्यावरून वाकून पाहिलं. "पाणी किती सुंदर हिरवं आहे, नाही?"

"ते शेवाळ आहे," थोरली म्हणाली. "शहराचं सांडपाणी कुठून तरी येत असणार. तळ्यातलं कारंजं म्हणून तर सतत चालू ठेवतात. हवा मिळाली नाही तर मासे—"

"तिला काय कळतंय," आई हसत म्हणाली. "माझ्या मुलीकडून ऐकलेलं बोलते. पोपट आहे."

न्यायाधीश अंड्यावरून नजर न उचलता म्हणाले, "बरोबर बोलल्या त्या." पण तेवढंच.

रविवारी सकाळी धाकट्याचा फोन आला. थोरली गच्चीच्या कोपऱ्यात गेली.

"सांगितलंस?"

"नाही."

"तायडे, ते दुपारी दुसऱ्या कुणाला देतील ती खोली. मग मला म्हणू नकोस."

"तुला कधी काही म्हणते का मी?"

"मूड कसा आहे तिचा?"

"उत्तम," थोरली म्हणाली. "इतक्या आनंदात मी तिला कधी पाहिलं नाही."

ती परत आली तेव्हा डोळ्यांत थेंब घालायची वेळ झाली होती. ती आईच्या खुर्चीमागे उभी राहिली. आईनं सवयीनं मान मागे टाकली. थोरलीनं खालची पापणी बोटानं ओढली, एक थेंब. मग दुसऱ्या डोळ्यात. आईनं डोळे मिटले. औषध आत मुरेपर्यंत तिनं तसंच बसायचं असे, मान मागे, तोंड आभाळाकडे, डोकं थोरलीच्या तळहातावर.

"किती निगुतीनं करते हो ही," न्यायाधीशांची बायको म्हणाली. "हल्ली अशी माणसं मिळत नाहीत. हिच्या घरी कोण असतं?"

"हिच्या?" आईचे डोळे मिटलेलेच होते. आवाजात माया होती, खरी माया, त्या चार दिवसांत सगळ्यांना वाटली तशीच. "हिचं कोणी नाही हो. म्हणून तर ठेवलीय. कुणाला नकोशी झालेली. मी गेल्यावर हिचं कसं होणार, हीच एक चिंता. तशी फारशी अक्कल नाही, पण जाणार कुठं?"

न्यायाधीशांच्या बायकोनं जिभेनं चुकचुक केलं आणि थोरलीकडे पाहिलं. पाहण्यात कीव होती. नाश्त्याचं टेबल भरलेलं होतं. मॅनेजरबाई फुलदाणी घेऊन नुकत्याच आल्या होत्या. वाढपी चहाची किटली धरून उभा होता.

थोरलीच्या तळहातावर आईच्या डोक्याचं वजन होतं. तिनं हात काढला नाही. उलट दुसऱ्या हातानं आईच्या कपाळावरची बट मागे सारली. तिला स्वतःला जाणवलं, की आवाज अजिबात कापत नाही; नमुन्याचा निष्कर्ष वाचून दाखवतानाचा जो आवाज असतो, तोच होता.

"डोळे उघडू नका, बाई. औषध वाहून जाईल."

आईच्या कपाळावर बारीक आठी पडली. बाई म्हणून थोरलीनं तिला आजवर कधी हाक मारली नव्हती.

"तुम्हाला एक निरोप द्यायचा राहिला," थोरली म्हणाली. "चार दिवस सांगीन सांगीन म्हणतेय. तुमच्या मुलीचा निरोप आहे."

"अगं बाई," न्यायाधीशांची बायको पुढे सरसावली. "तिकडून? येतेय का ती?"

आईचं तोंड किंचित उघडलं. हसू होतं तसंच राहिलं, फक्त त्याच्या कडा ताठ झाल्या. एका वाक्यात ती हे सगळं थांबवू शकत होती. ही माझी मुलगी, एवढंच. तीन शब्द. थोरली थांबली. तिनं खरोखरच थांबून पाहिलं, आईला ते म्हणायला पुरेसा वेळ दिला.

"कुठल्या मुलीचा?" आई अगदी हळू म्हणाली.

"एकच आहे ना तुम्हाला? रोज फोन करते ती. पदकवाली." थोरलीनं आईचं डोकं जरा सावरून धरलं. "तिचं ठरलंय, बाई. तुम्हाला घरी न्यायचं नाही. टेकडीवरच्या वृद्धनिवासात तुमची खोली घेतलीय, उद्या इथून सरळ तिथं पोचवायचं. ती आता तुम्हाला सांभाळणार नाही."