दोन लाइनी आणि काशीबाईंचं अंगण

मंगळवारी सकाळी नऊ चाळीसला रोह्याजवळ धाटावच्या कारखान्यातल्या इंटरनेटच्या दोन्ही लाइनी एकदम गेल्या. कारखान्याचं नेटवर्क सांभाळणाऱ्या मनस्वीनं आधी एका राउटरकडे पाहिलं, मग दुसऱ्याकडे, मग स्वतःच्या चष्म्यावर संशय घेऊन तो ओढणीला पुसला आणि परत पाहिलं. दोन्हीकडे लाल दिवा. एक लाइन जाणं तिला नवं नव्हतं. महामार्गाचं काम संपत नाही तोवर खणाखणीत ते चालायचंच. पण एक गेली तर दुसरी असावी, म्हणून तर दुसरी घेतली होती. आणि ती घ्यायला लावली होती तिनंच.

दुपारी एक वाजता जर्मनीतलं गिऱ्हाईक ऑनलाइन तपासणीला बसणार होतं. प्लँटमधले कॅमेरे, टाक्यांचे आकडे, सगळं त्यांना तिथे बसून बघायचं होतं. मोबाइलच्या नेटवर हे होण्यातलं नव्हतं. धाटावात मोबाइलचं नेट सकाळचे सुप्रभात पोचवतं आणि तेवढ्यानंच दमतं.

ही दुसरी लाइन आली कशी ते आधी सांगायला हवं, नाहीतर मनस्वीचा संताप कळायचा नाही. तीन वर्षांपूर्वी प्रविण नावाचा एक गोडबोल्या विक्रेता एका टेलिकॉम कंपनीतर्फे आला आणि पहिली लाइन देऊन गेला. घरच्या वायफायसारखी नव्हे, धंद्यासाठीची पक्की लाइन, वेगाची लेखी हमी असलेली. "आमची लाइन असताना दुसरी कशाला लागते, मॅडम?" असं तेव्हा तो छातीठोकपणे म्हणाला होता. दीड वर्षानं त्यानं कंपनी बदलली आणि तोच प्रविण तीच बॅग घेऊन परत आला. आता त्याचं म्हणणं, "मॅडम, एका लाइनवर कोण राहतं हो हल्ली?" त्यानं बाजाराचा कल दाखवणाऱ्या बत्तीस स्लाइड आणल्या होत्या. लाइनींचे दर उतरताहेत, कारखाने दोन कंपन्यांकडून दोन लाइनी घेताहेत, आणि दोन्हींच्या मधे एक हुशार डबा बसवताहेत, जो एक लाइन मेली की डोळ्याचं पातं लवायच्या आत दुसरीवर उडी मारतो. स्लाइडमधले सगळे बाण वर जाणारे होते. नकाशात पहिली लाइन पेणहून गडब-नागोठण्यावरून येत होती आणि दुसरी खालच्या अंगानं, कोलाडवरून. मनस्वीला ते पटलं, कारण गोष्ट खरोखरच शहाणपणाची होती. तिनं फॅक्टरी मॅनेजर देवस्थळींच्या मागे चार महिने धोशा लावला आणि लाइनही मंजूर करून घेतली, डबाही.

तो हुशार डबा आत्ता एका मेलेल्या लाइनीवरून दुसऱ्या मेलेल्या लाइनीवर उड्या मारत होता, आणि दर उडीला टिक्क असा आवाज करत होता.

प्रविणच्या शेवटच्या दोन स्लाइड मात्र तिच्याच मुळावर आल्या होत्या. कारखाने आता नेटवर्कसाठी स्वतःचा माणूस ठेवत नाहीत, ते काम लाइन देणाऱ्या कंपनीकडेच सोपवून मोकळे होतात, असा कल त्यांत दाखवला होता. आधीच्या तीस स्लाइड देवस्थळींच्या डोक्यावरून गेल्या, या दोन तोंडपाठ झाल्या. मनस्वी चार वर्षं कॉन्ट्रॅक्टवर होती. तिला कायम करायचं ठरलं होतं, पत्राचा मजकूरही तयार होता, पण त्या दिवसापासून साहेब "जरा बाजाराचा कल बघू" म्हणायला लागले. तिचे वडील चंदर याच धाटावात सव्वीस वर्षं ट्रकवर ड्रम चढवत होते, तेही कॉन्ट्रॅक्टवर. सहा कॉन्ट्रॅक्टर बदलले, ड्रम तेच राहिले. कुंडलिकेकाठच्या त्यांच्या वाडीत कायम नोकरी अजून एकाही घरात आली नव्हती. मनस्वीला ते पत्र हवं होतं, आणि देवस्थळी परवाच म्हणाले होते, "ही तपासणी नीट पार पाडून दाखव, मग सही करतो."

तिनं दोन्ही कंपन्यांच्या मदत-क्रमांकांवर फोन लावला. दोन्हीकडे आधी गाणं वाजलं, मग एक मुलगी बोलली. पहिलीनं विचारलं, "मॅडम, राउटर बंद करून परत चालू केलात का?" दुसरीनंही तेच विचारलं. मनस्वीनं दोघींना सांगितलं की राउटर ठणठणीत आहे, लाइन मेलीय. मग दोन्ही कंपन्यांचे मेसेज आले. आमचा तंत्रज्ञ पेणहून निघाला आहे. नाव दिनेश, आणि खाली मोबाइल नंबर. दोन्ही मेसेजमध्ये नंबर एकच होता. आकडा न् आकडा तोच.

मनस्वी खुर्चीवर टेकली. मग उठली, त्या नंबरवर फोन करून दिनेश गडबला असल्याचं विचारून घेतलं, देवस्थळींना "तंत्रज्ञ गडबला आहे, जाऊन बघते" एवढंच सांगितलं आणि स्कूटी काढली. "बघू नकोस, त्याच्या डोक्यावर उभी राहा," असं साहेब मागून म्हणाले.

नागोठण्यापर्यंतचा रस्ता ठीक होता. पुढे महामार्गावर अर्धी बाजू काँक्रीटची आणि अर्धी खड्ड्यांची, मधे वळवलेली वाहनं, ट्रेलर, धूळ. गडबला रस्त्याकडेच्या एका दुकानामागे मोठी रंगीत छत्री रोवलेली तिला लांबूनच दिसली. छत्रीखाली दिनेश बसला होता. समोर तारा जोडायचं मशीन, मांडीवर केसासारख्या काचेच्या बारीक तारा, आणि कानाशी मोबाइल. "व्हय साहेब, तुमचीच आधी जोडतोय," असं म्हणून त्यानं फोन ठेवला. लगेच दुसरा फोन वाजला. "व्हय साहेब, तुमचीच आधी," तो त्यालाही म्हणाला.

बाजूला खड्डा होता. खड्ड्यात एकच काळा पाइप फाटून पडला होता, आणि त्यातून दोन केबली बाहेर आलेल्या.

"दिनेशदादा, ही कुणाची?" मनस्वीनं विचारलं.

"ही पहिल्यांची."

"आणि ही?"

"ती दुसऱ्यांची."

"दुसऱ्यांची लाइन कोलाडवरून येते. माझ्याकडे नकाशा हाय."

दिनेशनं तिच्याकडे दयेनं पाहिलं. "मॅडम, कोलाड नकाशात हाय. कामाच्या ऑर्डरीत गडबच व्हतं. तिकडून आणायची म्हंजे नवीन सगळं खणायला लागतं, ते कोण देतंय? वरती कंपन्या दोन असतील, पण पेण-रोह्यात खणणारा मी एकटाच."

"बरं, गडब तर गडब. पण चर तरी वेगळा खणायचा ना? एकाच पाइपात दोघांना कोंबलं?"

"वेगळाच खणलाय सगळीकडं. फक्त हितंच नाय." त्यानं दुकानाकडे मान वळवली. "रस्तावाल्यांनी कडेला बोटभर जागा ठेवली नाय, म्हणून लाइन काशीबाईंच्या अंगणातून काढली. पहिल्या टायमाला त्यांनी शब्द घेतला माझ्याकडून, की एकदाच खणायचं, परत फावडा लावायचा नाय. मी दिला शब्द. मग दुसरीच्या वक्ताला काय करणार? व्हती त्याच पाइपातून ओढली."

आपलं नाव ऐकून काशीबाई भजी तळायचा झारा हातात घेऊनच बाहेर आल्या. "काय गो पोरी, तू कंपनीची काय?"

"व्हय मावशी. पाइप तुटला कसा?"

"तुटला कसा म्हंजे? मी खणलं. नळाचं पाणी घ्यायचं व्हतं मागं. रस्त्यावर जेसीबी व्हताच, त्याला चहा पाजला, दोन मिंटांत काम झालं."

"पण तुम्हीच तर दिनेशदादांना खणू देत नव्हता."

"त्याला नाय देत. माझं अंगण हाय, मी खणीन नायतर पुरीन," काशीबाई म्हणाल्या, आणि तेल तापलं म्हणून आत गेल्या.

मनस्वीच्या अंगाचा तिळपापड झाला होता, पण चिडायचं कुणावर हेच कळेना. काशीबाईंनी स्वतःचं अंगण खणलं होतं. दिनेशनं दिलेला शब्द पाळला होता. दोन बड्या कंपन्या, बत्तीस स्लाइड, डोळ्याचं पातं लवायच्या आत उडी मारणारा डबा, आणि हे सगळं येऊन अडलं होतं भज्यांच्या दुकानामागच्या हातभर रुंद चरात. सगळ्यांत जास्त राग तिला स्वतःचा आला. नकाशा तिनं दहा वेळा पाहिला होता. ज्या रस्त्यानं ती वर्षातून चार वेळा पेणला गणपतीच्या, लग्नाच्या खरेदीला जाते, त्या रस्त्यावर उतरून एकदाही पाहिलं नव्हतं. तिनं खड्ड्याचा, पाइपाचा आणि दोन केबलींचा फोटो काढला.

पहिली लाइन जोडून झाली तेव्हा सव्वादोन वाजले होते. जर्मन मंडळी एकपासून दीडपर्यंत थांबली आणि तपासणी रद्द करून उठून गेली.

मनस्वी परतली तेव्हा त्यांचा एक फॉर्म आला होता. खंड का पडला? दोन्ही लाइनींचे मार्ग वेगळे आहेत का? नेटवर्क सांभाळणाऱ्या व्यक्तीनं आजच स्वतः भरून पाठवावा. देवस्थळी तिच्या टेबलाशी येऊन उभे राहिले आणि सांगायला लागले, "लिही, मार्ग वेगळे आहेत. दोन ठिकाणी एकाच वेळी बिघाड झाला. योगायोग."

"सर, योगायोग नाय. पाइप एक आहे." तिनं फोटो दाखवला.

"ते मला कळलं. त्यांना कळायची गरज नाही. नकाशात वेगळेच आहेत ना? तू नकाशाप्रमाणे लिही, आणि उद्या तुझ्या पत्राचं बघून टाकू."

म्हणजे पत्र हाताशी आलं होतं. एक खोटा शब्द, की मिळालं. मनस्वीला मोह झाला, नाही असं नाही. वडिलांचे खांदे डोळ्यांसमोर आले. पण सकाळपासून जो तो तिला कागदावरचं सांगत होता. प्रविण स्लाइडवरचं, फोनवरच्या मुली समोरच्या पडद्यावरचं आणि आता साहेब नकाशावरचं. या लोकांच्या रांगेत जाऊन उभं राहायचा तिला मनस्वी कंटाळा आला. तिनं लिहिलं, "मार्ग वेगळे नाहीत. गडबला एका दुकानामागच्या अंगणातून दोन्ही लाइनी एकाच पाइपातून जातात. तिथे आज नळासाठी खणलं. मार्ग वेगळे आहेत असं आम्ही कागद बघून समजलो, जागेवर जाऊन पाहिलं नव्हतं." फोटो जोडला आणि पाठवून दिलं.

देवस्थळी ओरडले नाहीत. "पत्राचं आता विसर," म्हणाले आणि निघून गेले.

पुढचे चार दिवस तिच्याशी कामाखेरीज कुणी बोललं नाही. शुक्रवारी प्रविण आला. आता तो तिसऱ्या कंपनीत होता. "मॅडम, दोन लाइनींचा जमाना गेला, आता तीन," असं म्हणत त्यानं नवे बाण दाखवले. त्याच्या पाचव्या स्लाइडवर मनस्वीनंच काढलेला खड्ड्याचा फोटो होता. तो त्याच्याकडे कुठून आला हे विचारण्याइतकंही त्राण तिच्यात उरलं नव्हतं. संध्याकाळी दिनेशचा फोन आला. "मॅडम, तिसऱ्यांचं काम येणार म्हणतायत माझ्याकडं. काशीबाईंना विचारून ठेवू काय?" मनस्वीनं फोन टेबलावर ठेवून दोन्ही हातांनी कपाळ धरलं.

सोमवारी जर्मनीहून उत्तर आलं. खरी माहिती दिल्याबद्दल आभार. एका महिन्यानं पुन्हा तपासणी होईल. तोवर दोन्ही मार्ग प्रत्यक्षात वेगळे करावेत, आणि तसा दाखला पाठवावा. दाखल्यावर सही कारखान्याच्या कायम नोकरीतल्या, या विषयाची जाण असलेल्या आणि मार्ग स्वतः पाहिलेल्या व्यक्तीची हवी. लाइन पुरवणाऱ्या कंपनीची किंवा कंत्राटी माणसाची सही चालणार नाही.

देवस्थळींनी कायम माणसांची यादी मागवली. लेखा विभागातले परब कायम होते, पण त्यांना मोबाइलचा आवाज बंद करायलासुद्धा शिपाई लागायचा. स्टोअरचे पाटील कायम होते आणि कशावरही सही करायला तयार होते, हीच त्यांची अडचण होती. स्वतः साहेबही कायम होते, पण अशा कागदाखाली त्यांना स्वतःची सही नको होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी प्रविणची तिसरी लाइन बाजूला ठेवली आणि दुसऱ्या कंपनीला कोलाडचं काम करायला तंबी दिली. मग आठवडाभर कुढत राहिले आणि शेवटी मनस्वीला केबिनमध्ये बोलावलं.

टेबलावर दोन कागद होते. साहेबांनी पहिला तिच्याकडे सरकवला. तिनं तो सावकाश वाचला, तारखेपासून शिक्क्यापर्यंत, आणि परत एकदा वाचला. आजपासून कायम. खाली देवस्थळींची सही. तिनं कागदाची घडी घातली, पर्समध्ये ठेवला आणि पर्सची चेन लावली.

"आता हा," देवस्थळींनी दुसरा कागद पुढे केला आणि वर पेन ठेवलं. दाखला होता. दुसरी लाइन कोलाडमार्गे येते व तो मार्ग मी स्वतः पाहिला आहे.

"कोलाडची लाइन पडली का, सर?"

"पडेल. काम चालू झालंय म्हणतात. नकाशा आलाय." साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. "सही करून टाक म्हणजे आजच जाईल."

मनस्वीनं पेनाला टोपण लावलं आणि ते दाखल्यावर आडवं ठेवलं. "लाइन पडली की मी धाटावपासून कोलाडपर्यंत चालत जाऊन बघीन. मग सही."

"अगं, पण त्याला तीन आठवडे लागतील."

"लागू देत, सर," मनस्वी म्हणाली. "मी आता कायम आहे. थांबीन."