पट्टीसकट फोटो

"आई, पाय दाखव," यामिनीने तिसऱ्यांदा सांगितले.

"फोटो पाठवला नं. बरा हाये," लीलाबाई नागपूरहून म्हणाल्या आणि त्यांनी मोबाइल छताकडे वळवला.

यामिनी कावली. जर्मनीतल्या येना शहरातल्या प्रयोगशाळेत ती सहा वर्षे जखम भरणारी नवी औषधे तपासत होती. काम मोठे अजब. काचेच्या बशीत पेशींचा थर वाढवायचा, आपल्याच हाताने त्यावर ओरखडा काढायचा, औषध घालायचे आणि ओरखडा किती मिटला ते मोजत बसायचे. एकतीस नंबरच्या औषधाने तो भराभर मिटे. पण प्रयोगशाळेच्या प्रमुख फ्राऊ क्र्युगर दर वेळी म्हणत, "गेनाऊ. नोख माल." बरोबर, पुन्हा एकदा. की परत पहिल्यापासून. माणसापर्यंत पोहोचायला अजून दहा वर्षे, आणि इकडे आईच्या अंगठ्याची जखम साखरेमुळे सहा महिने भरत नव्हती. वाढली तर अंगठा काढावा लागेल, असे डॉक्टरांनी बजावले होते.

म्हणून तिने आईलाही प्रयोगशाळेची शिस्त लावली होती. दर रविवारी जखमेशेजारी शाळेची पट्टी ठेवून फोटो पाठवायचा. वहीत आकडे होते: बावीस मिलिमीटर, मग एकोणीस, एकोणीस, एकोणीस. वाढत नाही ना, यावर ती समाधान मानत होती. प्रयोगात असे तीन सारखे आकडे आले असते तर तिनेच ते केराच्या टोपलीत टाकले असते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

तिने तिन्ही फोटो शेजारी मांडले. तिन्हींत पट्टीवर तीच मुंगी होती, त्याच आकड्यावर.

"आई, जुनाच फोटो पाठवतेस?"

मोबाइल छताकडेच ठेवून लीलाबाई म्हणाल्या, "तू दिवसभर जखमाच पाहतं तिकडे. घरी येऊन अजून माझी पाहशीन का? तुझं औषध आलं की दाखवणारच होती मी."

"दहा वर्षं लागतील त्याला. सांगून सांगून जीभ झिजली माझी. उज्ज्वलदादाला फोन दे."

तिला आईचा राग आला, भावाचा आला, एकतीस नंबरचाही आला. सगळ्यात जास्त आला तो त्या वहीचा.

भावाने त्याच दिवशी दवाखाना गाठला, पण उशीर झाला होता. अंगठा काढावा लागला.

महिन्याभराने, रविवारी, न मागता फोटो आला. पट्टी धुऊन पायाशेजारी सरळ ठेवलेली होती. पट्टीशेजारी चार बोटे आणि सुकलेली टाक्यांची रेघ. मागोमाग लीलाबाईंचा आवाज आला.

"नवाच हाये फोटो. जखम भरली. लिहून घे."

यामिनीने वही काढली, तारीख घातली आणि तिच्यापुढे शून्य लिहिले.