धाकट्याची दुर्बीण

बंदुका दुरुस्त करणाऱ्या ताईचा एक हट्ट नेमबाजी क्लबातल्या सगळ्यांना पाठ होता: कपाटातल्या त्या एका रायफलीला हात लावायचा नाही. ती तिच्या धाकट्या भावाची. तो नोकरीसाठी दूरदेशी गेला त्याला वर्षं लोटली. पण रायफलीवरची दुर्बीण ताईने त्याच्या डोळ्याच्या बेताने बसवली होती आणि ती केसभरही हलू दिली नव्हती. कुणी विकत मागायला आलं की म्हणायची, "मालक येतोय." मालकाचा पत्ता नसे. रायफल पुसताना ताई स्वतः दस्त्याला गाल लावून बघायची. डोळ्याचं अंतर जुळलं नाही की दिसते तशी काळी कड तिला आत गोलाभोवती दिसायची, आणि त्याचंच तिला बरं वाटायचं. जागा अजून त्याचीच होती.

एका दुपारी तो दारात उभा राहिला. डोळ्यांना चष्मा, सुटलेलं पोट आणि खिशात संध्याकाळच्या गाडीचं तिकीट.

"अंगाला लागलंय तिकडचं," ताई म्हणाली. इतकी वाट पाहून दुसरं काही सुचेना. तिने रायफल काढली, रिकामी असल्याची खात्री केली आणि त्याच्या हाती दिली. "डोळे मिट. गाल टेकव. मान सैल सोड. आता उघड."

पूर्वी यावर तो लगेच म्हणायचा, "पूर्ण गोल, ताई."

आज त्याने मान पुढे केली, मागे घेतली. "कडेला काळं येतंय गं."

एवढं जपून ठेवलं ते आता त्यालाही बसत नव्हतं.

"मान नको ताणूस," ती सावरून म्हणाली. "तू आहेस तसा राहा. हलायचं ते दुर्बिणीने." दुर्बीण धरून ठेवणाऱ्या कड्यांचे स्क्रू सैल करून तिने ती हळूच पुढे सरकवली. "आता?"

"अजून जरा. बास. पूर्ण गोल, ताई."

ताईने स्क्रू आवळायला पाना उचलला आणि परत ठेवून दिला.

"आज नको आवळायला. दमलेला डोळा खोटं सांगतो. सकाळी बघू."

"अगं, माझी गाडी आहे."

"मग बार उडाल्यावर धक्क्याने दुर्बीण आदळून भुवई फुटली की मला सांगू नकोस."

तो तिच्याच हाताखाली शिकला होता. स्क्रू आवळणं दोन मिनिटांचं काम, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. त्याने चष्मा काढून सावकाश पुसला.

"दमलाय खरा डोळा," तो म्हणाला, आणि खांद्यावरची बॅग खाली ठेवली.